समाजशास्त्राच्या अभ्यासाची पूर्वतयारी : आरंभ स्वतःच्या गावापासून



बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी दरवर्षी एकच दृश्य दिसते. ज्यांना गुण अधिक पडले ते नाशिक-पुण्याची वाट धरतात. ज्यांना अन्यत्र प्रवेश मिळाला नाही, ते कला शाखेकडे वळतात आणि तेथे सोपा म्हणून जो विषय सुचविला जातो तो बहुधा समाजशास्त्र हा असतो. "समाजात तर आपण जन्मापासून राहतो, त्यात शिकायचे ते काय?" असा प्रश्न मग पालकांकडून, क्वचित शिक्षकांकडूनही विचारला जातो. ह्या प्रश्नाचा विचार केल्यावाचून पूर्वतयारीकडे वळता येणार नाही.

माणूस ज्या घरात वाढतो त्या घराच्या दाराची उंची त्याला सहसा सांगता येत नाही. वाकून आत जाण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. समाजाचेही तसेच आहे. कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, ग्रामसभेत कोण बोलते व कोण भिंतीला टेकून ऐकते, शेत कोणाच्या नावावर असते आणि त्यात राबते कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण हे असेच का आणि पूर्वीही असेच होते का, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. ज्या दिवशी विद्यार्थी त्या दाराची उंची मोजावयास निघतो, त्या दिवशी त्याचा समाजशास्त्राचा अभ्यास सुरू झाला असे समजावे. ह्या मोजणीला लागणारी सवय महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी लागली, तर पुढील तीन-चार वर्षांचे सार्थक होते. ती लागली नाही तर व्याख्या पाठ होतात, पदवीही मिळते, आणि दाराची उंची मात्र अज्ञातच राहते.

नांदगाव हेच पहिले पुस्तक

ह्या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नांदगावचेच उदाहरण घेता येईल. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग ह्या गावावरून गेला. वेरूळची लेणी पाहावयास जाणारे प्रवासी त्या काळी नांदगावच्या स्थानकावर उतरत आणि टांग्याने किंवा बैलगाडीने पुढे जात. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा निजाम राज्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि ही वाहतूक मनमाडकडे वळली. मनमाड हे जंक्शन झाले, तेथे रेल्वेचा कारखाना व धान्याची मोठी गोदामे उभी राहिली, आणि नाना प्रांतांतील, नाना धर्मांचे लोक तेथे वस्तीस आले. नांदगाव हे तालुक्याचे ठाणे. मनमाड हे त्याच तालुक्यातील, सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील शहर. परंतु दोन्ही ठिकाणच्या वस्तीची घडण आणि व्यवसाय निरनिराळे का झाले, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. एका लोहमार्गाने किती कुटुंबांचे व्यवसाय बदलले, हे ज्येष्ठ मंडळींच्या आठवणींतून आणि जुन्या कागदपत्रांतून शोधता येते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. नांदगाव हा अवर्षणप्रवण तालुका आहे. गिरणा नदीवरील १९६० च्या दशकात बांधलेले मोठे धरण ह्याच तालुक्याच्या हद्दीत आहे. तथापि त्याच्या कालव्यांचा लाभ मुख्यतः खालच्या अंगाला असलेल्या जळगाव जिल्ह्यातील शेतीला होतो. धरणाची भिंत दिसते, पण शिवारात पाणी नाही, अशा गावातील माणसाचा शासनाकडे, शेजारच्या जिल्ह्याकडे आणि स्वतःच्या शेतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा घडत असेल? पाण्याचे गणित अभियंत्याने मांडावे. ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र समाजाच्या अभ्यासकाकडेच मागावे लागेल. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी डॉ. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली व ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. घर हलले म्हणजे त्याबरोबर नातीगोती, शेजार आणि देवस्थानेही हलतात, ही बाब अशा पाहण्यांतूनच नियोजनकर्त्यांच्या ध्यानात येते.

पूर्वसूरींपासून काय घ्यावे

महाराष्ट्रात ह्या विषयाची परंपरा मोठी आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी ती धुरा वाहिली आणि देशातील अनेक नामवंत समाजशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. परंतु विद्यापीठात विभाग निघण्यापूर्वीही येथे समाजाचे सूक्ष्म निरीक्षण झालेले आहे, आणि नवोदित विद्यार्थ्याला त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. आत्रे हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. सरकारी नोकरीतील अनुभव हे त्यांचे भांडवल होते. बलुतेदार, अलुतेदार, वतनदार, फिरस्ते ह्यांचे परस्परसंबंध त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही ग्रामीण महाराष्ट्राच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येत नाही. काही ठिकाणी त्यांची मते आजच्या वाचकाला पटणार नाहीत. निरीक्षण आणि मत ही वेगळी कशी करावीत, ह्याचा सरावही त्या वाचनात होतो. ग्रामसेवक, तलाठी व शिक्षक यांनी मनावर घेतले तर आपल्या नोकरीच्या अनुभवातून केवढे काम उभे राहू शकते, ह्याचा तो दाखला आहे.

१९१७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांच्या साह्याने पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. जुन्या दप्तरांचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, १७७१ मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. त्याशिवाय एकेकाची जमीन अनेक तुकड्यांत विखुरलेली होती. "वाटण्या होतात" हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होतेच. दीडशे वर्षांच्या आकड्यांनी त्या जाणिवेला पुराव्याचे बळ दिले. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व एकत्रीकरणाची तरतूद करणारा कायदा मुंबई राज्यात १९४७ मध्ये झाला.

मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेच जातिसंस्थेचे मर्म आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. ज्या व्यवस्थेचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते, तिचे विश्लेषण त्यांनी इतर देशांच्या समाजांशी तुलना करून, तर्काच्या आधारे केले. आपले दुःख लपवू नये, पण ते तपासूनही पाहावे, हा धडा खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला फार मोलाचा आहे.

डॉ. इरावती कर्वे यांनी जर्मनीत कवटीच्या मोजमापांवर संशोधन केले. वंशावंशांत बौद्धिक उच्चनीचता असते, असे मानणाऱ्या मार्गदर्शकाच्या हाताखाली त्या काम करीत होत्या. मोजमापांनी त्या गृहीतकाला आधार दिला नाही, आणि त्यांनी मोजमापांशी प्रामाणिक राहून निष्कर्ष मांडला. पुढे पंढरीच्या वारीत चालताना एकाच दिंडीतील बायका अभंग एकत्र म्हणतात, पण जेवणाच्या पंक्ती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हेही त्यांनी पाहिले व लिहिले. वारीवर त्यांची श्रद्धा नव्हती म्हणून नव्हे, तर ती होती म्हणूनच हे लिहिण्याचे मोल अधिक.

तयारी कशी करावी

परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. त्या काळात विद्यार्थ्याने प्रथम एक वही घालावी. वहीच्या डाव्या पानावर जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले तेवढेच लिहावे. उजव्या पानावर त्याविषयी स्वतःला काय वाटले ते लिहावे. "आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या वीस जणांपैकी चौदा बाया होत्या" हे डाव्या पानाचे वाक्य. "बायांना भाव करता येत नाही" हे उजव्या पानाचे, आणि ते तपासून पाहावयाचे आहे. महिनाभर असा सराव झाला म्हणजे पाहिलेले आणि मानलेले ह्यांतील अंतर विद्यार्थ्याच्या आपोआप ध्यानात येऊ लागते.

दुसरे काम कागद वाचण्याचे. ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंदवही, घरांच्या आकारणीची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचे जनरल रजिस्टर, तलाठ्याकडील सातबारा ही समाजशास्त्राची कच्ची सामग्री आहे. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ मध्ये निघाले आणि त्याची सुधारित आवृत्ती १९७५ मध्ये. दोन्हींतील एकाच विषयावरील पाने शेजारी ठेवून वाचली, तर नव्वद वर्षांत काय बदलले ह्याचा अंदाज येतो. मात्र कागदाला अंतिम सत्य समजू नये. पटावर नाव असलेले मूल वर्गात असतेच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेल्या मुलाची नोंद हजेरीपटात काय होते आणि प्रत्यक्षात ते मूल कोठे असते, ह्या दोहोंमधील अंतर शोधणे हाच एक अभ्यास आहे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. समाजशास्त्रात गणित नाही, हा समज चुकीचा आहे. समजा, एका वस्तीत दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांकडे प्रत्येकी २ एकर आणि एका कुटुंबाकडे ४० एकर जमीन आहे. एकूण ५८ एकर; म्हणजे सरासरी ५.८ एकर. ही सरासरी हिशेबाने बरोबर आहे, पण तेवढी जमीन त्या वस्तीतील एकाही कुटुंबाकडे नाही. शेकडेवारी, सरासरी आणि ओळीत मांडल्यावर मधोमध येणारी संख्या ह्यांतील फरक ज्याला कळला, त्याला शासकीय अहवाल डोळसपणे वाचता येतो.

चौथी गोष्ट भाषेची. ह्या विषयाचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि त्यामुळे खेड्यातील विद्यार्थी बिचकतो. त्याने रोज इंग्रजीचे एकच पान वाचावे, पण पूर्ण समजून वाचावे, आणि त्याचा सारांश चार मराठी वाक्यांत लिहावा. राज्य मंडळाची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके आधी वाचली म्हणजे स्तरीकरण, गतिशीलता, आप्तसंबंध हे शब्द परके वाटत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहता, तालुक्याच्या ज्या भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते तेथील विद्यार्थ्याजवळ एक असे साधन आहे, जे शहरातील अभ्यासकाला वर्षानुवर्षे खपूनही मिळत नाही. आजीशी तिच्या बोलीत बोलून तीन पिढ्यांची वंशावळ, कोणाची सोयरीक कोणत्या गावी झाली आणि का, हे तो एका दुपारी लिहून काढू शकतो. बोलीची लाज वाटणे म्हणजे हातातले साधन टाकून देणे होय.

पाचवी आणि सर्वांत नाजूक गोष्ट वर्तनाची. माणसे म्हणजे प्रयोगशाळेतील पदार्थ नव्हेत. कर्ज, व्यसन, जात, घरातील भांडण ह्यांविषयी विचारताना आधी परवानगी घ्यावी, उत्तर न देण्याची मोकळीक द्यावी आणि सांगणाऱ्याचे नाव कोठेही उघड करू नये. डॉ. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या ज्या गावात राहून अभ्यास केला, त्याला त्यांनी आपल्या लेखनात 'रामपुरा' हे कल्पित नाव दिले. १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेली टिपणे जळाली. मग मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्यांनी पुस्तक लिहिले व ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. सांगणाऱ्याचा विश्वास जपावा आणि टिपणांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी, हे दोन्ही धडे विद्यार्थ्याने त्यातून घ्यावेत.

प्रवेशाची माहितीही येथे देणे योग्य होईल. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला कला शाखेच्या पदवीकडे येता येते. नाशिक जिल्ह्यातील बहुतेक कला महाविद्यालये १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्या महाविद्यालयात समाजशास्त्र हा मुख्य विषय म्हणून घेता येतो की केवळ दुय्यम म्हणून, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. ज्यांना नोकरी किंवा संसार सांभाळून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. केंद्रीय विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्यांना २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो.

गावाचे कर्तव्य

ह्या तयारीचा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न असा एक उपयुक्त भेद मांडला. एका मुलीचे शिक्षण दहावीनंतर सुटले तर ती त्या घराची अडचण मानली जाते. एकाच गावातील वीस मुलींचे शिक्षण त्याच वयात सुटले, तर तो गावाचा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर एका बापाला बोल लावून मिळत नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या अठरा वर्षांपूर्वी झाला होता. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ मध्ये झाला, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. पण गावात नेमके कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या अडचणीपोटी हे विवाह होतात, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. आईबाप ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाजवळ ठेवावी, ही चिंता त्यामागे आहे काय? माध्यमिक शाळा दूर आणि एसटीची वेळ गैरसोयीची, हे कारण आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे घरोघर जाऊन, विश्वास संपादन करूनच मिळतील. आणि ती मिळविण्यास त्याच गावातील, त्याच बोलीत बोलणारी शिकलेली मुलगी सर्वांत योग्य होय.

अशी मुलगी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात वही घेऊन आली, तर तिला "हे तुला कशाला हवे?" असे विचारून परत पाठवू नये. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने दिलेला आहेच. पण अर्ज लिहावयास लावण्याऐवजी जी नोंदवही सर्वांना पाहण्याजोगी आहे ती पुढे ठेवणे आणि ती वाचावी कशी हे दहा मिनिटे समजावून देणे, हे अधिक शोभून दिसेल. ज्या नोंदींत व्यक्तीची खासगी माहिती आहे त्या का दाखविता येत नाहीत, हेही तिला सांगावे. त्यातूनही ती शिकेल. शिक्षकांनी सुटीत पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करून एका वस्तीचा नकाशा काढून घ्यावा. २०२७ च्या जनगणनेत जातींचीही नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. सर्व जातींची तपशीलवार गणना प्रसिद्ध झाली ती १९३१ ची. त्यानंतर इतक्या वर्षांनी होणारे हे काम घरोघर जाऊन करावयाचे आहे आणि शाळाशिक्षक त्यात प्रगणक म्हणून मोठ्या संख्येने असतात. प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर जसे मिळाले तसेच कसे लिहावे, हे शिकण्याची गरज त्यामुळे विद्यार्थ्याइतकीच शिक्षकालाही आहे.

त्याचप्रमाणे पंचायत सदस्यांनी एक मन मोठे करावे लागेल. गावाचा अभ्यास झाला की काही अप्रिय गोष्टीही पुढे येतात. नळ सर्व आळ्यांत सारख्या वेळेस येत नाही, ग्रामसभेच्या इतिवृत्तात बायकांच्या सह्या आहेत पण त्यांचे एकही मत नोंदलेले नाही, असे एखाद्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले, तर ती गावाची बदनामी समजू नये. वैद्याने नाडी पाहून ताप आहे असे सांगितले म्हणून कोणी वैद्यावर रागावत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींना घटनेचे अधिष्ठान मिळाले. आपल्या गावाची खरी माहिती हाताशी असल्यावाचून त्या अधिकारांचा उपयोग नीट करता येणार नाही.

ह्या वर्षी तालुक्यातील जे विद्यार्थी समाजशास्त्र हा विषय घेतील, त्यांच्यापैकी काहींनी तो अन्यत्र प्रवेश न मिळाल्यामुळेच घेतलेला असेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विषय कोणत्या कारणाने हाती आला, यापेक्षा हाती आल्यावर त्याचे काय केले, हे महत्त्वाचे. महाविद्यालय सुरू होईल तेव्हा ज्याच्या पिशवीत आपल्या गावाच्या निरीक्षणांनी भरलेली एक वही असेल, तो वर्गात मागच्या बाकावर बसला तरी मागे राहणार नाही. आणि शिकून तो गावी परतेल तेव्हा, आजवर ज्या दारातून सारे जण वाकून जात आले त्याची उंची किती आहे आणि ती किती असावयास हवी, हे त्याला ग्रामसभेत उभे राहून पुराव्यानिशी सांगता येईल.